खिशातला गॉगल

"गॉगल नव्हता का तुझ्याकडे?"

"होता ना. खिशात होता."

रविवारी सकाळी डेन्व्हरच्या एका अर्जंट केअरमध्ये झालेला हा संवाद. विचारणाऱ्या डॉक्टरीणबाई आणि उत्तर देणारा अस्मादिक, दोन्ही डोळे टोमॅटोसारखे लाल करून, रूमीच्या हाताला धरून आत आलेला. बाई हसल्या नाहीत हा त्यांचा मोठेपणा.

तर झालं असं. ऑनसाईट येऊन मला चार महिने झाले होते. कोलोरॅडोमध्ये हिवाळ्यात शुक्रवारी दुपारी ऑफिसमध्ये एकच विषय असतो, उद्या कुठल्या डोंगरावर. आपण किती दिवस 'नाही, मी घरीच आहे' म्हणणार? शेवटी मी आणि माझा रूमी, दोघांनी एका शनिवारी स्नोबोर्डिंग शिकायचं ठरवलं. बोर्ड, बूट, हेल्मेट सगळं भाड्याने मिळालं. गॉगल मात्र आपला आपण आणायचा. दुकानात बरे गॉगल शंभर डॉलरच्या पुढे. आता नवीन आलेल्या माणसाला प्रत्येक किंमत रुपयांनी गुणायची खोड असते, तसं मी गुणलं आणि गप्प बसलो. दुसऱ्या एका दुकानाच्या दारात डिस्काउंटची टोपली होती, तिच्यात बारा डॉलरला एक काळाकुट्ट गॉगल मिळाला. म्हटलं, काळा आहे म्हणजे ऊन अडवणार, अजून काय पाहिजे? आरशात बघितलं तर एकदम हीरो!

त्या दिवशी नेमकं आभाळ भरलेलं. सूर्याचा पत्ता नाही. वर ढग पांढरे, खाली बर्फ पांढरा, आणि मध्ये मी काळी काच लावून. उंचवटा कुठे, खड्डा कुठे, काही कळेना. पहिल्या तासात वीस वेळा तरी पडलो असेन. पडून उठायला लागते मेहनत, मेहनतीने येतो घाम, आणि त्या घामाने गॉगल आतून असा धुरकटला की अंघोळीनंतरचा आरसा बरा. ग्लोव्हने पुसला, अजून वाईट झालं. शेवटी वैतागून काढला आणि जॅकेटच्या खिशात टाकला. आणि काय सांगू, एकदम मस्त दिसायला लागलं! ऊन नव्हतंच, त्यामुळे मनाला टोचणीही नाही. संध्याकाळी चारपर्यंत तसाच खेळलो, येताना गाडीत गाणी म्हटली.

रात्री नऊला डोळे चुरचुरायला लागले. अकरा वाजता कुणीतरी मूठभर वाळू पापण्यांखाली टाकून चोळत असल्यासारखं वाटत होतं. दिवा लावला की पाणी, डोळे मिटले तरी दुखतंच. पुण्यात तेव्हा सकाळ होती. आईला फोन केला, ती म्हणाली गुलाबपाण्याच्या घड्या ठेव. रूमी रात्रभर ओला टॉवेल बदलत बसला (त्याचे हे उपकार मी भांडी घासून फेडतो आहे). सकाळी डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात नारिंगी रंगाचा थेंब टाकला, निळ्या उजेडात बघितलं आणि निदान केलं: फोटोकेरटायटिस. बोलीभाषेत स्नो ब्लाइंडनेस, आपण हिम-अंधत्व म्हणू. डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, वरची कातडी उन्हाने भाजून निघते. गंमत अशी की भाजताना काहीच कळत नाही, सहा ते बारा तासांनी कळतं. नशिबाने एकदोन दिवसांत पेशी परत भरून येतात. तोवर अंधारात पडून राहायचं आणि डोळे चोळायचे नाहीत.

सोमवारी आमचं रिलीज होतं. मी ते पडदे लावलेल्या खोलीत, डोळ्यांवर रुमाल टाकून, फोनवर ऐकलं. आणि उरलेल्या वेळात काय करणार? स्क्रीन बंद, पुस्तक बंद. मग एव्हरेस्टच्या जुन्या मोहिमांवर जे ऐकायला मिळेल ते ऐकत पडलो. तिथेच मला माझ्यासारखा दुसरा माणूस भेटला. म्हणजे, कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभट्टाची तट्टाणी, पण चूक तीच!

४ जून १९२४. एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला एडवर्ड नॉर्टन आणि हॉवर्ड सॉमरवेल हे दोघे ब्रिटिश गिर्यारोहक ऑक्सिजनच्या नळकांड्यांशिवाय वर निघाले होते. (हा सॉमरवेल सर्जन. पुढे त्याने दक्षिण भारतात, तेव्हाच्या त्रावणकोरमधल्या नेय्यूरच्या मिशन हॉस्पिटलमध्ये अनेक वर्षं काम केलं.) सॉमरवेलचा घसा इतका बिघडला की तो थांबला आणि नॉर्टन एकटा पुढे गेला. बर्फाचा भाग संपून घसरड्या खडकांचा उतार लागला होता. पाय कुठे टाकायचा ते गॉगलमधून नीट दिसेना, म्हणून त्याने गॉगल काढला. खडक काळा, मग कसली भीती, हा हिशोब. साधारण ८५७० मीटरपर्यंत पोचून तो परतला. ऑक्सिजनशिवाय याहून उंच माणूस गेला तो थेट १९७८ मध्ये, मेसनर आणि हाबेलर शिखरावर पोचले तेव्हा. पण त्या रात्री खालच्या कँपवर नॉर्टनचे डोळे गेले. जवळजवळ अडीच दिवस तो ठार आंधळा होता.

आता बघा, नॉर्टन हा त्या मोहिमेचा प्रमुख. ६ जूनच्या सकाळी जॉर्ज मॅलरी आणि सँडी अर्विन शेवटच्या प्रयत्नासाठी निघाले, तेव्हा प्रमुखाने त्यांना निरोप दिला तो न बघताच. ८ जूनला ते दोघे वर ढगांत दिसेनासे झाले आणि परत आलेच नाहीत.

गोष्ट इथे संपत नाही. पंचाहत्तर वर्षांनी, १ मे १९९९ ला, कॉनरॅड अँकर या गिर्यारोहकाला सुमारे ८१५० मीटरवर मॅलरीचा देह सापडला. आणि त्याचा गॉगल कुठे होता? खिशात! अंधारात झोपून हे ऐकलं तेव्हा मी ताडकन उठून बसलो. चार दिवसांपूर्वी नॉर्टनचे हाल बघितलेला माणूस उन्हात गॉगल काढणार नाही. म्हणजे पडला तेव्हा सूर्य मावळला असावा आणि तो खाली उतरत असावा, असा बऱ्याच अभ्यासकांचा अंदाज. काही म्हणतात की तो जास्तीचा जोडही असू शकतो. शिखरावर पोचला होता का, हे कोडं तसंच आहे. पण एका खिशातल्या गॉगलवरून माणसाच्या शेवटच्या तासांचा हिशोब मांडावा लागतो, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना.

डोळे बरे झाल्यावर मी वाचायला लागलो (आमच्या धंद्यात बग सापडला की त्याचा उगम शोधल्याशिवाय झोप येत नाही) आणि हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. मी वाचलेल्या या गोष्टींमध्ये माणसांचे डोळे गेले ते गॉगल नव्हता म्हणून कमी, आणि असलेला काढावा लागला म्हणून जास्त. गॉगलचा सगळा इतिहास म्हणजे 'तो काढावासा वाटू नये' यासाठी केलेली खटपट आहे.

सुरुवात फार जुनी आहे. इसवी सन पूर्व ४०१ च्या हिवाळ्यात ग्रीक भाडोत्री सैनिकांची एक मोठी फौज पर्शियातून मायदेशी परतत होती. त्यांच्यातलाच एक, झेनोफन, याने त्या प्रवासाची हकीकत लिहून ठेवली आहे. आर्मेनियाच्या डोंगरात, म्हणजे आजच्या पूर्व तुर्कस्तानच्या भागात, खोल बर्फातून चालताना काही सैनिकांची दृष्टी गेली. त्यावरचा उपाय त्याने नोंदवला आहे: चालताना डोळ्यांसमोर काहीतरी काळं धरायचं. बस्स. चोवीसशे वर्षांपूर्वीची ही सूचना आणि माझं डिस्काउंटच्या टोपलीतलं लॉजिक, दोन्ही सारखंच. काळं आहे ना, मग झालं.

खरी अक्कल दाखवली ती आर्क्टिकच्या लोकांनी. अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड इथले इन्युइट आणि त्यांचे पूर्वज. त्यांच्याकडे काच नव्हती. त्यांनी कॅरिबूचं शिंग, वॉलरसचा सुळा किंवा समुद्रातून वाहत आलेलं लाकूड घेतलं, ते चेहऱ्यावर घट्ट बसेल असं कोरलं आणि डोळ्यांसमोर आडवी बारीक फट ठेवली. झाला गॉगल. नाव इग्गाक. कॅनडाच्या उत्तरेला थुले संस्कृतीच्या लोकांनी आठेकशे वर्षांपूर्वी वापरलेले असे गॉगल सापडले आहेत.

ही वस्तू मी फोटोत बघितली आणि इंजिनीयर म्हणून टोपी काढली. फट बारीक, त्यामुळे उजेड थोडाच आत येतो. खालून बर्फावरून आणि वरून आकाशातून येणारे किरण अडतात, समोरचं तेवढं दिसतं. आतली बाजू काजळीने काळी केलेली, म्हणजे आतल्या आत चमक नको. वर बारीक फटीतून बघितलं की लांबचं उलट थोडं रेखीव दिसतं (चष्मेवाल्यांनो, मूठ अर्धवट मिटून तिच्या भोकातून बघा, लगेच पटेल). आणि सगळ्यात मोठी गोष्ट, काचच नाही, त्यामुळे धुकं धरायचा प्रश्नच नाही! शिकारी दिवसभर घालून बसला तरी काढायची वेळ येत नाही. तोटा एकच, बाजूचं आणि पायाखालचं फारसं दिसत नाही. सीलच्या भोकाशी तासन्‌तास बसणाऱ्याला ते चालतं. डोंगरावरून सुसाट उतरणाऱ्याला नाही.

मग काचेचं युग आलं आणि काचेबरोबर धुकं आलं. डिसेंबर १९०२ मध्ये अंटार्क्टिकावर स्कॉट, शॅकल्टन आणि एडवर्ड विल्सन दक्षिणेकडे चालले होते. विल्सन डॉक्टर, आणि चित्रकारही. समोरचे डोंगर कागदावर उतरवायचे तर गॉगल काढूनच बघावं लागणार. त्याने तेच केलं आणि डोळे इतके बिघडले की डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला स्लेज ओढत चालावं लागलं. त्या तिघांत हिम-अंधत्वाबद्दल सगळ्यात जास्त माहिती असणारा माणूस हाच! नुसती माहिती असून भागत नाही, गॉगलमधून आपलं काम करता आलं पाहिजे.

नऊ वर्षांनी, डिसेंबर १९११ मध्ये, आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला. त्याने स्वतः काळा गॉगल वापरलाच नाही. फिकट पिवळ्या काचांचा, चहूबाजूंनी हवा खेळती राहील असा साधा चष्मा त्याने वापरला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, असं कसं? फिकट काच काय अडवणार?

इथे मुख्य गोम आहे. डोळे भाजतात ते दिसणाऱ्या उजेडाने नाही, न दिसणाऱ्या अतिनील किरणांनी, म्हणजे यूव्हीने. काचेचा काळेपणा आणि यूव्ही अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९१३ च्या सुमारास विल्यम क्रुक्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हे पद्धतशीर करून दाखवलं. भट्टीसमोर काम करणाऱ्या काच-कारागिरांना मोतीबिंदू व्हायचा, त्यांच्यासाठी त्याने काचेत निरनिराळी धातूंची संयुगं घालून शेकडो नमुने तपासले आणि सिरियम घातलेली, यूव्ही अडवणारी पण बऱ्यापैकी पारदर्शक काच बनवली. आजच्या गॉगलांत काचेऐवजी पॉलिकार्बोनेट असतं, ते तर रंग नसतानाही जवळजवळ सगळं यूव्ही शोषून घेतं. उलट यूव्ही न अडवणारी नुसती काळी काच असेल तर अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि यूव्हीला आत यायला दार अजून उघडं मिळतं. माझा बारा डॉलरचा गॉगल यातला होता की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण त्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. हेच पुरेसं उत्तर आहे.

आणि ढगांचं काय? पातळ ढगांतून बरंचसं यूव्ही आरपार येतं. ताजा बर्फ पडणाऱ्या यूव्हीपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, गवत किंवा माती १० टक्केसुद्धा नाही. शिवाय दर हजार मीटर चढलं की यूव्ही साधारण १० टक्क्यांनी वाढतं. मी होतो तो डोंगर ३००० मीटरच्या वर. म्हणजे वरून, खालून आणि उंचीमुळे, असा तिहेरी मारा चालू होता आणि मी म्हणतोय ऊनच नाही!

तर उजेडाचा प्रश्न सुटत आला होता. राहिलं धुकं. त्याची गोष्ट कळायला आधी कोलोरॅडोचा थोडा इतिहास हवा. आम्ही ज्या हायवेने डोंगरात जातो, त्याच्यापासून थोडं आत कँप हेल नावाची जागा आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, इथे सुमारे २८०० मीटर उंचीवर अमेरिकेच्या १० व्या माउंटन डिव्हिजनचे सैनिक स्कीइंग आणि बर्फातली लढाई शिकले, आणि पुढे इटलीत लढले. २०२२ मध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारक झाली. युद्ध संपल्यावर यातलेच बरेच जण परत डोंगरात आले आणि त्यांनी स्कीइंगचा धंदा उभा केला. व्हेलचं प्रसिद्ध रिसॉर्ट १९६२ मध्ये सुरू झालं, ते उभारणारा पीट सायबर्ट याच डिव्हिजनचा. सैनिकांचं आणि शिकाऱ्यांचं काम असलेला बर्फ आता शनिवार-रविवारची मौज झाला. पण या हौशी मंडळींच्या डोळ्यांवर अजून एकेरी काच होती. भुसभुशीत ताज्या बर्फातून उतरायचं तर अंगावर बर्फ उडतो, दम लागतो, घाम येतो, आणि काच धुरकटते. मग काय, काढा आणि टाका खिशात.

धुकं का धरतं ते सोपं आहे. चेहऱ्याजवळची हवा गरम आणि दमट, काच बाहेरच्या थंडीने गार. दमट हवा गार काचेला लागली की पाणी सुटतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर सुटतं ना, तसंच. म्हणजे उपाय दोनच: दमट हवा बाहेर काढा, नाहीतर काच गार होऊ देऊ नका.

हे दोन्ही एकत्र जमवलं एका दातांच्या डॉक्टरने. बॉब स्मिथ, वेडेवाकडे दात सरळ करणारा ऑर्थोडाँटिस्ट आणि ताज्या बर्फाचा वेडा. त्याने साधारण १९६५ मध्ये घरच्या घरी एक गॉगल तयार केला. दोन काचा, मध्ये बंदिस्त हवेचा थर. हवा उष्णता सहजासहजी जाऊ देत नाही, त्यामुळे बाहेरची काच गार पडली तरी आतली चेहऱ्याच्या उबेत राहते. थंड देशातल्या खिडक्यांना दुहेरी काच असते तोच प्रकार. आणि कडेच्या फटींवर सच्छिद्र फोम, ज्यातून दमट हवा बाहेर जाईल पण बर्फ आत येणार नाही. असं सांगतात की सुरुवातीला तो हे गॉगल देऊन बदल्यात लिफ्टची तिकिटं मिळवायचा. पुढे त्याची कंपनी झाली. आज दुकानात टांगलेला जवळपास प्रत्येक बरा गॉगल याच दोन कल्पनांवर उभा आहे.

योगायोग बघा. त्याच १९६५ च्या नाताळात मिशिगनमधल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन नावाच्या इंजिनीयरने आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडून त्यावर उभं राहून घसरायचं खेळणं बनवलं. बायकोने त्याला 'स्नर्फर' नाव दिलं, स्नो अधिक सर्फर. याच खेळण्याने वेड लावलेल्या जेक बर्टन कार्पेंटरने १९७७ मध्ये व्हरमाँटमध्ये बोर्ड बनवायला सुरुवात केली. कित्येक वर्षं रिसॉर्टवाले या पोरांना लिफ्टवर चढू देत नव्हते. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये मात्र स्नोबोर्डिंग पदकांच्या यादीत जाऊन बसलं. म्हणजे स्नोबोर्डचा पूर्वज आणि आजचा गॉगल हे साधारण जुळे भाऊ आहेत!

पण स्नोबोर्डवाल्याची गरज स्कीवाल्याहून थोडी वेगळी असते. स्कीवर तोंड उताराकडे असतं. बोर्डवर माणूस आडवा उभा, खांद्यावरून खाली बघत जातो, आणि एका बाजूचं त्याला जवळपास दिसतच नाही. त्यामुळे कडेपर्यंत दिसणं ही चैन नाही, समोरून येणाऱ्या माणसावर न आदळण्याची सोय आहे. शिवाय नवशिका बोर्डर दिवसाचा निम्मा वेळ बर्फात बसलेला किंवा लोळत असतो. गॉगलच्या भोकांत बर्फ गेला की सगळं संपलं.

एवढा इतिहास पचवल्यावर मी दुसऱ्यांदा गॉगल घ्यायला गेलो. या वेळी रुपयांनी गुणलं नाही. मनात प्रश्न एकच ठेवला: हा मला कुठल्या क्षणी काढावासा वाटेल?

पहिला क्षण, दिसत नाही तेव्हा. गॉगलच्या माहितीत व्हीएलटी नावाचा आकडा असतो, म्हणजे दिसणाऱ्या उजेडापैकी किती टक्के आत येतो. त्यावरून एस-० ते एस-४ असे वर्ग आहेत. एस-४ मध्ये फक्त ३ ते ८ टक्के, एस-३ मध्ये ८ ते १८, एस-२ मध्ये १८ ते ४३, एस-१ मध्ये ४३ ते ८० आणि एस-० त्याच्या वर. लख्ख उन्हाला एस-३, ढगाळ दिवसाला एस-१. ढगाळ उजेडात सावल्या पडत नाहीत म्हणून उंचवटे दिसत नाहीत. अशा वेळी निळा उजेड कमी करणाऱ्या पिवळ्या किंवा गुलाबी काचा उपयोगी पडतात. आमुंडसेनच्या काचा पिवळ्या होत्या, आठवतंय ना? मी दोन काचा असलेला गॉगल घेतला, एक उन्हाची, एक ढगांची. एकच परवडत असेल तर एस-२ घ्या. अगदी काळी नकोच. यूव्ही मात्र कुठल्याही रंगाच्या काचेत पूर्ण अडलं पाहिजे. ४०० नॅनोमीटरपर्यंत १०० टक्के संरक्षण असं स्पष्ट लिहिलेलं हवं. लिहिलं नसेल तर नाही असं समजा.

दुसरा क्षण, धुकं धरतं तेव्हा. दुहेरी काच आणि वर-खाली हवेच्या फटी बघा. आतल्या काचेवर धुक्याविरुद्ध लेप असतो. तो पाण्याचे थेंब न होऊ देता त्याचा पातळ थर पसरवतो, म्हणजे आरपार दिसत राहतं. हा लेप नाजूक असतो, म्हणून आतून कधीच खसाखसा पुसायचं नाही. बर्फ गेला तर झटकायचा, ओलं झालं तर मऊ कापडाने हलकेच टिपायचं. आणि गॉगल कपाळावर चढवून फोटो काढायची हौस आवरा. घामेजलेल्या कपाळाची सगळी वाफ त्यात भरते.

तिसरा क्षण, टोचतो तेव्हा. घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. फोम चेहऱ्याला सगळीकडे टेकला पाहिजे. बऱ्याच गॉगलांत नाकाशी फट राहते, माझंही तेच झालं. चार जोड नाकारल्यावर पाचवा बसला. विक्रेता कंटाळला, मी नाही. हेल्मेट बरोबर नेलं होतं, कारण हेल्मेट गॉगलला खाली दाबत असेल तर नाक दुखतं, आणि दोघांत अंतर राहिलं तर कपाळ गारठतं. चष्मेवाल्यांसाठी चष्म्यावरून घालायचे खोल गॉगल मिळतात. तेच घ्या. माझा नंबर थोडासा आहे म्हणून मी त्या दिवशी चष्मा गाडीत ठेवला होता, तीही चूकच.

मग परत गेलो का? गेलो. तीन आठवड्यांनी, तोच डोंगर, त्याच लिफ्टने. सकाळी लख्ख ऊन होतं, दुपारी ढग आले. लिफ्टखाली उभं राहून काच बदलली. पडलो तेवढाच, म्हणजे भरपूर. बोर्डवर उभं राहणं गॉगलने येत नाही हो! पण चारला गाडीशी आलो आणि चेहऱ्यावरून गॉगल उतरवला, तेव्हा लक्षात आलं की हा दिवसभरात आज पहिल्यांदाच निघतोय. रात्री नऊ वाजता मी मुद्दाम जागा राहून वाट बघितली. काही झालं नाही. रूमी म्हणाला, चल, आता भांड्यांचं वेळापत्रक नव्याने ठरवू.

तुमच्यापैकी बरेच जण या हिवाळ्यात गुलमर्ग किंवा मनालीला जातील. गुलमर्गची गोंडोला तर सुमारे ३९०० मीटरवर नेऊन सोडते. तिथे बूट-कोट भाड्याने मिळतात, आणि दारावर काळे गॉगलही विकायला येतात. लेकराच्या डोळ्यांवर त्यातला एखादा चढवायच्या आधी काचेवर काय लिहिलंय ते वाचा. आणि ढग आलेत म्हणून त्याने तो काढून खिशात टाकला, तर त्याला ओरडू नका. का काढावासा वाटला ते विचारा. नॉर्टनला दिसत नव्हतं, विल्सनला चित्र काढायचं होतं, मला धुकं धरलं होतं. चूक आमची होतीच, पण थोडी गॉगलचीही होती.

असो. आजपुरतं एवढंच. डोळे सांभाळा.